तीन पायांच्या पाट्याची साक्ष

मी पाटा बोलतोय. दगडाला कुठे बोलता येतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात कधी काही वाटलेलं नसणार. पाट्यापुढे गुडघे टेकून बसलेली बाई दिवसभर बोलत असते. नवऱ्याबद्दल, सुनेबद्दल, शेजारणीच्या डुकराबद्दल. इतकं ऐकल्यावर दगडालाही वाचा फुटते.

तुमच्याकडच्या पाट्यासारखा मी जमिनीवर आडवा पडलेला नाही. मला तीन पाय आहेत, दोन पुढे आणि एक मागे. त्यामुळे पोटाखाली निखारे सरकवता येतात. कोको गार पाट्यावर नुसता भुगा होऊन बसतो. पाटा कोमट झाला की मग तो पाझरायला लागतो आणि काळ्या साईसारखा वाहतो. म्हणजे माझ्या पोटात नेहमीच आग होती, पण ती लोकांच्या तोंडाला गोडी आणायला.

माझा जन्मही आगीतलाच. पश्चिमेकडच्या उंच डोंगरात एका ज्वालामुखीने मला ओकलं, आणि एका पाथरवटाने मला बडवून बडवून शिस्त लावली. मग एका हमालाने कपाळाला पट्टा लावून मला पाठीवर घेतलं आणि खाली जंगलातल्या एका टेकडीवर आणलं. वाटभर तो मला शिव्या देत होता. त्याची भाषा आता फारसं कोणी बोलत नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या असल्या तरी कळतात.

टेकडीवर तेव्हा दगडी घरं होती. लग्न असो की पाहुणा, आधी कोको वाटला जायचा. पुढे ती माणसं निघून गेली. का गेली, असं आजकालचे शिकलेले लोक मला न्याहाळत एकमेकांना विचारतात. मला काय ठाऊक? मी स्वयंपाकघरात होतो. वाड्यावरच्या बातम्या आमच्यापर्यंत शेवटी यायच्या, आणि त्याही तिखटमीठ लावून.

माणसं गेली आणि जंगल आलं. ते पाहुण्यासारखं नाही आलं, भाडेकरूसारखं आलं आणि मग हललंच नाही. माझ्यावर छप्पर कोसळलं, छपरावर माती चढली, मातीवर झाडं उभी राहिली. वर इथली काळी माकडं वाघासारख्या डरकाळ्या फोडायची. मी बराच काळ झोपलो.

मला उठवलं दोमिंगो इकालने, आणि तेही अगदी असभ्यपणे. बेलीझच्या दक्षिण टोकाला टेकडीच्या पायथ्याशी सांता रोसालिया नावाचं आमचं गाव आहे, माया लोकांचं. दोमिंगो तिथला. नवीन लग्न झालं होतं, टेकडीच्या उतारावर मोठ्या झाडांच्या सावलीत कोको लावायचा होता. रोपासाठी खड्डा करायला त्याने पहार घातली ती थेट माझ्या मागच्या पायावर. पाय मोडला. त्याने मला ओढून वर काढलं, पालथं केलं, उलथं केलं, आणि घाबरून इकडेतिकडे पाहिलं. टेकडीला तिचा देव आहे आणि तिच्या पोटातलं काही फुकट घेऊ नये, हे त्याला बापाने शिकवलं होतं. मग त्याने मोडका पाय परत खड्ड्यात ठेवला. "हा तुझा वाटा, बाकीचा माझा," असं टेकडीला सांगितलं आणि त्यावर कोकोचं पहिलं रोप लावून टाकलं.

घरी आल्यावर त्याची बायको बासिलिया दारातच उभी होती.

"अहो, कोको लावायला गेला होतात ना?"

"लावला की."

"मग हा धोंडा कुठून उगवला?"

"धोंडा नाही, पाटा आहे. जुन्या लोकांचा."

"जुन्या लोकांनी टाकून दिलेला. मोडका. तुम्हाला बरोबर सापडतं असलं."

पण तिने मला घासलं. पहिल्यांदा भाजका कोको माझ्यावर घातला, गुडघ्यावर बसली, आणि दोन फेऱ्यांतच गप्प झाली. बासिलिया गप्प झाली म्हणजे काहीतरी फार चांगलं झालंय, हे दोमिंगोला कळत असे. त्याने त्याच दिवशी चिकूच्या लाकडाचा पाय घडवून मला लावला. चिकूचं लाकूड दगडाहून चिवट. नदीतला एक लांबट गोटा आणून वरवंटाही केला. माझ्या आधीच्या वरवंट्याचं काय झालं देव जाणे. उतारवयात दुसरेपणावर आलेला जोडीदार, पण आमचं जमलं.

त्या घरात मी पोरं मोठी होताना पाहिली. मका पेरायच्या दिवशी सगळ्या गड्यांना काळी मिरी घातलेला कोको दिला जायचा, तो मी वाटलेला. कोणाचं बाळंतपण, कोणाचं मयत, कोणाची सोयरीक, सगळीकडे बासिलियाच्या हातचाच कोको लागायचा. लोक म्हणायचे, हाताला चव आहे. मी काही बोलत नसे. चव कोणाच्या पाठीला आहे हे मला माहीत होतं.

दोमिंगो गेला. पोरं कामधंद्याला पांगली. मग शहरातल्या एका हॉटेलची नोकरी सोडून नात परत आली, डेल्फिना. तिने येताना एक विजेचं यंत्र आणलं. त्याच्या पोटात दोन गोल दगड दिवसरात्र फिरत असत.

"आजी, यात टाकलं की लोण्यासारखं होतं. आपण चॉकलेटच्या वड्या करू, बाहेरगावी विकू."

"मग या पाट्याचं काय करू? त्यावर पाय धुऊ?"

"आधी तू पाट्यावर वाट, मग मी यंत्रात घालते. नुसत्या यंत्राचं मी करून पाहिलं. गुळगुळीत होतं, पण बेचव लागतं."

हे ऐकल्यावर माझी त्या यंत्राशी थोडी सलगी झाली. वय लहान, आवाज मोठा, पण पोर कामसू होतं. आजी-नातीचं चॉकलेट पुंता गोर्दा बंदराच्या बाजारात गेलं, तिथून बोटीतून परदेशात गेलं. गावातले आणखी लोक उतारावर कोको लावू लागले. कोकोला सावली लागते, म्हणून कोणी मोठी झाडं तोडेना. टेकडी जशी होती तशी हिरवीगच्च राहिली.

मग रस्ता आला. म्हणजे यायची बोलणी सुरू झाली.

आमच्या गावाचा प्रमुख तेओदोरो साकुल. गाव त्याला आल्काल्दे म्हणतं. माणूस वाईट नाही, फक्त घसा मोठा. त्याच्या सुनेला पावसाळ्यात कळा सुरू झाल्या, ट्रक चिखलात रुतला, आणि ती ट्रकमध्येच बाळंत झाली. बाळ वाचलं नाही. तेव्हापासून तेओदोरोच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पक्का रस्ता. आणि रस्ता करणारी कंपनी म्हणाली, खडी जवळ मिळाली तर लगेच करतो. ही टेकडी चुनखडीची आहे. फोडू द्या.

गावच्या मोठ्या छपराखाली बैठक झाली. बासिलियाने घरी येऊन जे सांगितलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं. शिवाय डेल्फिनाने तिच्याहून चढ्या आवाजात तेच पुन्हा सांगितलं.

तेओदोरो म्हणाला होता, "टेकडी फोडली तर कोको कुठे पळून जातोय? तो उतारावर आहे, उतारावर राहील."

डेल्फिना उभी राहिली. "काका, कोकोच्या फुलावर कोण बसतं? मधमाशी नाही, चिलट. एवढंसं. ते राहतं कुजक्या ओल्या पाल्यात. वरचं जंगल गेलं, ओल गेली, चिलटं गेली, की झाडं नुसती उभी राहतील, फळ धरणार नाहीत."

"म्हणजे चिलटांसाठी माझ्या सुनांनी ट्रकमध्ये बाळंत व्हायचं?"

बैठक तिथेच मोडली. घरी येऊन डेल्फिना चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "आजी, त्यांचंही खरं आहे."

"खरं आहेच," बासिलिया म्हणाली. "म्हणून तर भांडण अवघड आहे. तो खोटा असता तर मी काल सकाळीच मिटवलं असतं."

कायद्याप्रमाणे टेकडी फोडण्याआधी पुरातत्त्वाच्या माणसाने पाहून जायचं असतं. तशा एक बाई राजधानीहून आल्या, डॉक्टर आयोनी फ्लॉवर्स. डॉक्टर आल्यात एवढंच गावात पोचलं. पहिल्या दिवशी त्यांच्यापुढे रांग लागली. एकाने गुडघा दाखवला, एकीने पोराचे दात. आयोनीबाई शांतपणे म्हणाल्या, "मी हजार वर्षांपूर्वी मेलेल्यांचीच डॉक्टर आहे." तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "मग जरा थांबतो," आणि निघून गेला.

इकडे बासिलियाला धसका बसला. जुनी वस्तू सापडली की सरकार नेतं, हे तिने ऐकलं होतं. तिने मला चुलीजवळून उचलून कोपऱ्यात नेलं, वर पेंढा पसरला आणि त्यावर आपली तांबडी कोंबडी बसवली. मी राजांसाठी कोको वाटलेला पाटा. कोंबडी दोनदा इकडे फिरली, दोनदा तिकडे, आणि पाय पोटाशी घेऊन बसली. ऊब बरी होती, नाही म्हणत नाही.

आयोनीबाई तीन-चार दिवस डेल्फिनाबरोबर टेकडी चढल्या-उतरल्या. शेवटी चिखलाने माखून बासिलियाच्या घरी टेकल्या. बासिलियाने कोको दिला. बाईंनी वाडगं दोन्ही हातांनी धरलं.

"काय सापडलं?" बासिलियाने जमेल तितक्या साळसूदपणे विचारलं.

"उंचवटे आहेत. माझी खात्री आहे की खाली घरं आहेत. पण कंपनीचा माणूस म्हणतो, चुनखडी आपसूक अशीच फुगते. नीट खणायला मला वेळ दिलेला नाही. ठोस काही हातात नाही."

एवढ्यात त्या कोंबडीला उठायची बुद्धी झाली. ती उठली, पंख झटकले, पेंढा पायाने भिरकावला, आणि सगळ्या घराला ओरडून सांगितलं की आपण अंडं घातलंय. माझ्या पाठीच्या खोलगटात ते अंडं होतं. माझे तिन्ही पाय उघड्यावर.

बाई पाहत राहिल्या. "हे काय आहे, आजी?"

"अंडं."

"अंड्याखाली?"

"कोंबडीचा दगड. आमच्या कोंबड्यांना जमिनीवर बसलेलं आवडत नाही."

"तीन पायांवर आवडतं?"

"जुनी सवय आहे."

आयोनीबाई हसल्या. मग हसू आवरून त्यांनी वाडगं खाली ठेवलं.

"आजी, मी सरळ सांगते. हा पाटा जर या टेकडीतला असेल तर टेकडी वाचवायला तो मला पुरेल. पण मी एकदा नोंद केली की तो इथे राहणार नाही. राजधानीला जाईल. त्यावर पुन्हा कोणी काही वाटणार नाही. मी आत्ता आंघोळीला नदीवर जातेय. परत आल्यावर मी इथे काय पाहिलं ते तुम्हीच मला सांगा."

त्या गेल्या. डेल्फिना आजीसमोर उभी राहिली. मला वाटलं होतं पोरगी म्हणेल, देऊन टाक. ती म्हणाली, "देऊ नकोस. काहीतरी दुसरा मार्ग काढू. या पाट्याशिवाय माझं चॉकलेट म्हणजे साखरेची माती. आणि आजोबांचं तुझ्याकडे दुसरं आहे काय?"

बासिलियाने माझा लाकडी पाय चाचपून पाहिला. मग म्हणाली, "याचा पाय मोडला तर त्यांनी चिकूचा लावून दिला. टेकडीचा मोडला तर कोण लावणार आहे?"

तिने मला पुन्हा चुलीजवळ आणलं. आणि मग जे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तिने माझ्यावर लाल मिरच्या वाटल्या. कोकोच्या पाट्याला मिरची लावायची नाही, हा तिचा नियम सुनांना तोंडपाठ होता. पहिल्याच फेरीला माझी पाठ भाजून निघाली. तिचे डोळे वाहायला लागले, नाक वाहायला लागलं. डेल्फिना जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "मिरची आहे गं, लांब बस." म्हणून वाटल्या मिरच्या, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशीचा कोंबडीचा रस्सा इतका तिखट झाला की आयोनीबाईंना सकाळपर्यंत बोलता आलं नाही.

बासिलियाने खरं ते सांगितलं आणि बाईंनी माझी नोंद केली. कंपनीचा माणूस मात्र एका पाट्याने बधणारा नव्हता. तो घरी आला, माझ्याकडे वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "असे पाटे सीमेपलीकडच्या बाजारात मिळतात. म्हातारीने कुठून आणला कोणाला ठाऊक."

बासिलियाने पदराने हात पुसावेत तसे स्कर्टला पुसले. "चला माझ्याबरोबर. आणि तेओदोरो, तूही चल. साक्षीला गावचा माणूस हवा."

मला दोघांनी काठीला बांधून वर नेलं. कितीतरी वर्षांनी टेकडी चढत होतो, तेही पालखीतून. बासिलिया थेट दोमिंगोने लावलेल्या पहिल्या कोकोपाशी थांबली. झाड म्हातारं झालं होतं, पण खोडाला फळं लोंबत होती.

"याच्या मुळाशी माझ्या पाट्याचा पाय आहे. माझ्या नवऱ्याने टेकडीला दिलेला."

तेओदोरोने आधी धूप जाळला आणि टेकडीची माफी मागितली. मग तोच खाली बसला. आयोनीबाई दाखवतील तिथली माती हाताने, अगदी हळू काढत गेला. त्याला त्या टेकडीची खडी हवी होती, आणि तरी त्याच्या बोटांनी एक मूळ दुखावलं नाही. खूप वेळाने त्याचा हात थांबला. मुळांच्या विळख्यातून त्याने एक काळा, आखूड दगड सोडवला. त्याच्याखाली पांढऱ्या गिलाव्याची जमीन दिसत होती, माणसांनी घोटलेली, गुळगुळीत.

आयोनीबाईंनी माझा लाकडी पाय काढला. तेओदोरोने तो दगड माझ्या मोडक्या जागेला लावला. एवढी वर्षं माती खाऊनही तो बरोबर बसला. मला काय झालं ते सांगता येणार नाही. तुमचा हरवलेला भाऊ दारात उभा राहून "जेवायला काय आहे" म्हणाला, तर कसं होईल, तसं.

कंपनीचा माणूस काही म्हणायच्या आत तेओदोरोच म्हणाला, "साहेब, आता मला खोटं बोलायला सांगू नका. पाय माझ्याच हातात आहे."

मग तो बासिलियाकडे वळला. "काकू, तुमची टेकडी राहिली. माझा रस्ता गेला."

"तुझा रस्ता मी आणून देईन," बासिलिया म्हणाली. "टेकडीसाठी जेवढं भांडले, त्याहून जास्त भांडेन."

पावसाळाभर तेओदोरो तिच्याशी बोलला नाही. पण बासिलिया, डेल्फिना आणि आयोनीबाई मिळून कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिल्या. म्हाताऱ्या बाईला नाही म्हणणं सोपं असतं. रोज चॉकलेट घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कठीण जातं. शेवटी खडी लांबच्या नदीपात्रातून आली. रस्ता उशिरा झाला, अरुंद झाला, पण झाला. तेओदोरोच्या सुनेला पुढची मुलगी झाली ती दवाखान्यात. तेव्हा तो स्वतः कोको मागायला बासिलियाच्या दारात आला आणि म्हणाला, "जरा जास्त द्या, काकू. सगळ्या गावाला पाजायचाय."

हे मला कसं कळलं? बासिलिया मला भेटायला येते. नव्या रस्त्याने, बसने, नातीला घेऊन.

मी आता राजधानीत काचेच्या कपाटात असतो. इथे येण्याआधी प्रयोगशाळेत माझी फार बारकाईने तपासणी झाली. माझ्या छिद्रांतून कोको निघाला, मका निघाला. ते पाहून तिथला तरुण खूश झाला. मग ताजी मिरची निघाली, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. आणि कोंबडीचं जे निघालं त्याबद्दल त्याने आयोनीबाईंना फोन करून विचारलं की हा काही धार्मिक विधी होता का. बाई म्हणाल्या, "होता. घर वाचवण्याचा."

परवा बासिलिया आली. डेल्फिनाने कपाटावरची पाटी तिला वाचून दाखवली. "शोधक, दोमिंगो इकाल."

"शोधक?" बासिलिया म्हणाली. "पहार मारून पाय मोडला त्यांनी. शोधक म्हणे." पण मग तिने ते नाव पुन्हा वाचायला लावलं. आणि पुन्हा एकदा.

मग पहारेकरी दुसरीकडे वळलाय असं पाहून ती काचेला नाक लावून मला हळूच म्हणाली, "नवा पाटा आणलाय. नुसता खरखरीत. घासून घासून हात दुखले. कोको वाटते तर दगडच जास्त येतो वाटणात."

मला फार बरं वाटलं. दगडाने असं वाटून घेऊ नये, पण वाटलं.

"शिकेल हळूहळू," ती म्हणाली. "तूही पहिल्या दिवशी कुरकुरलाच होतास."

तर मंडळी, इकडे कधी आलात तर मला जरूर भेटा. कपाटापुढे गर्दी नसते. लोक शेजारच्या हिरव्या मण्यांपाशी थांबतात आणि माझ्यापुढून जाताना म्हणतात, "हा काय, पाटाच आहे." म्हणू द्या. तुम्ही मात्र पाटी नंतर वाचा. माझ्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूला एक बोटभर फट राहिली आहे. सुतार पुन्हा येतो म्हणाला होता, आलेला नाही. जरा खाली वाका आणि त्या फटीला नाक लावा. मला इथे मऊ कुंचल्याने पुसलंय, कसल्या कसल्या पाण्याने धुतलंय. तरी वास येईल.

आधी कोकोचा. मग थांबलात, तर थोडा मिरचीचाही.